पुष्य नक्षत्राचा पाचवा डोस

डॉ. निरंजन हुपरीकरांना जगातल्या निम्म्या माणसांची कीव यायची आणि उरलेल्या निम्म्यांचा वैताग. कीव आलेल्यांशी ते बोलत नसत आणि वैताग आणणाऱ्यांशी बोलताना भिंतीकडे बघत. मिरजेतल्या त्यांच्या प्रयोगशाळेत नवा आलेला माणूस पहिल्या आठवड्यात समजून चुकायचा की आपल्याला काही येत नाही, आणि दुसऱ्या आठवड्यात राजीनामा द्यायचा. टिकल्या होत्या एकट्या शबाना मुजावर, तंत्रज्ञ म्हणून अकरा वर्षं. त्यांच्या टिकण्याचं कारण हुपरीकरांच्या मते असं, की अपमान कळायलासुद्धा थोडी बुद्धी लागते.

२०४१च्या जानेवारीत एका सकाळी त्यांच्यासमोर वैताग बसला होता. विलास मगदूम. सांगलीचा औषधांचा घाऊक व्यापारी, बोटांत चार अंगठ्या, आणि हुपरीकरांनी शोधलेलं औषध विकायचा हक्क याच गृहस्थाकडे. नियमांतल्या कुठल्याशा फटीतून त्याने ते 'पोषक पूरक' म्हणून मंजूर करून घेतलं होतं आणि त्याला 'मेधाबिंदू' असं नाव दिलं होतं. ते नाव कुणी उच्चारलं की हुपरीकरांचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा होई.

"डॉक्टरसाहेब, एकच काम हाय. ह्या वेळापत्रकावर तुमची सही पायजे," मगदूम म्हणाला. "आपण डोस पुष्य नक्षत्राला द्यायचा ठरवलाय."

"कशाला?"

"पुष्य नक्षत्राला!" मगदूम जिंकल्यासारखा हसला. "त्या दिवशी बायका पोरास्नी सुवर्णप्राशनाला घेऊन येतातच की ओ. मधातनं सोन्याचं भस्म चाटवलं की पोरगं हुशार होतंय म्हणतात. त्याच रांगेत आपलं थेंब. वेगळी जाहिरात नको, काय नको. पंचांगच आपली जाहिरात!"

चंद्रावर माणसं महिना-महिना राहून परत येत होती, आणि इथे चंद्र कुठल्या नक्षत्रात शिरला ते बघून मज्जासंस्थेचं औषध द्यायचं चाललं होतं. हुपरीकरांना हसू आलं. त्यांना असल्या वेळी नेहमीच एक प्रकारचं समाधान वाटे, आपण किती बरोबर होतो याचं.

हातात ट्रे घेऊन मुजावर मागे उभ्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "सर, पुष्य दर सत्तावीस दिवसांनी येतं. आपल्या अहवालात दोन डोसांमधलं अंतर नव्वद दिवस आहे ना?"

"मुजावर, तुम्ही पिपेट सांभाळा. पंचांग मगदूम सांभाळतील."

मगदूम मांडीवर थाप मारून हसला. हुपरीकरांनी भिंतीकडे बघत सही ठोकली.

त्यांना ऐकू आलं नव्हतं असं नाही. सत्तावीस आणि नव्वद यांतला फरक त्यांच्याइतका पृथ्वीवर कुणालाच कळत नव्हता. पण तो दुरुस्त करायचा म्हणजे मगदूमला समजावून सांगायचं, आणि गाढवापुढे गीता वाचायची हुपरीकरांची तयारी नव्हती. शिवाय ही हौशी मंडळी एकदोनदा येतील आणि कंटाळतील, असा त्यांचा हिशेब होता. लोकांना ते इतके मूर्ख समजत, की त्यांच्या चिकाटीचा त्यांना अंदाजच नव्हता.

ते नव्वद दिवस कशासाठी होते हे वाचकाला मात्र सांगायला हवं. वाचक काही मगदूम नाही.

पेशीला वाढायचा निरोप बाहेरून येतो. निरोप आणणारा रेणू दारापर्यंतच येतो, आत शिरत नाही. दारात त्याला घेणारं एक प्रथिन बसलेलं असतं. आत, केंद्रकापर्यंत बातमी नेणारी प्रथिनं निराळी. गंमत अशी, की दारातल्याची आणि आतल्यांची एकमेकांशी गाठच पडत नाही. म्हणून मध्ये जोडप्रथिनं लागतात. ही जोडप्रथिनं स्वतः काही कापत नाहीत, जाळत नाहीत, बनवत नाहीत. एका हाताने दारातल्याला धरायचं, दुसऱ्या हाताने आतल्याला. लग्न जुळवणाऱ्या एखाद्या काकूंसारखं एवढंच त्यांचं काम. पण ती नसली तर निरोप उंबऱ्यातच विरतो.

हात किती वेळ धरून ठेवला यावर पुढचं सगळं ठरतं. थोडाच वेळ धरला तर पेशी नुसती दुभंगते, एकीच्या दोन होतात. बराच वेळ धरला तर मज्जापेशी होऊ घातलेली पेशी दुभंगणं थांबवते आणि फांद्या काढू लागते. मग मात्र हात सोडावा लागतो. कारण भाराभर फुटलेल्या फांद्यांतल्या ज्या वापरात आल्या नाहीत, त्या गळून पडायला हव्यात. तासगावच्या कुठल्याही द्राक्षबागायतदाराला हे सांगावं लागलं नसतं, की बाग नुसत्या फुटव्यावर येत नाही, छाटणीवर येते. मेंदूचंही तसंच.

हुपरीकरांनी बनवलेल्या जोडप्रथिनाची पकड निसर्गातल्यापेक्षा कितीतरी पट घट्ट होती. ते तयार करण्याची कृती चरबीच्या सूक्ष्म कुप्यांत भरलेली, आणि जिभेखाली दोन थेंब टाकले की कुप्या मज्जातंतूंच्या वाटेने शरीरभर पोचत. मुळात हे औषध दिवस भरण्याआधी जन्मलेल्या, मज्जासंस्था कच्ची राहिलेल्या बाळांसाठी होतं. एका डोसाचा अंमल चाळीस दिवस. पुढचे पन्नास छाटणीसाठी. झाले नव्वद. दर सत्तावीस दिवसांनी दिलं, तर धरलेला हात कधी सुटतच नाही.

वीस वर्षं या मध्यस्थ प्रथिनांवर घालवूनही दोन माणसांच्या मध्ये उभ्या राहणाऱ्या माणसाबद्दल हुपरीकरांना तुच्छतेपलीकडे काही वाटलं नाही. विद्वान माणसं अशीही असतात.

घरी त्यांची मुलगी शाल्मली सात वर्षांची होती आणि सातच्याच पाढ्यावर अडत होती. सात सक बेचाळीसपर्यंत गाडी बरी यायची, पुढे ती छताकडे बघायची.

"आमच्या घराण्यात हे नव्हतं," पाहुण्यांसमोर जेवताना हुपरीकर म्हणाले. "ढ म्हणजे किती ढ असावं माणसाने! चित्रं मात्र काढते. आईवर गेली."

आई म्हणजे केतकी. ती एका शाळेत चित्रकला शिकवायची. स्वतःबद्दलचं असलं बोलणं तिने लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून कानांआड केलं होतं. पण त्या दिवशी शाल्मलीने हातातला घास परत ताटात ठेवला, आणि ते केतकीने पाहिलं. नवऱ्याला पोरगी आवडावी एवढीच तिची इच्छा होती. पुढच्या पुष्य नक्षत्राला ती शाल्मलीला घेऊन मगदूमच्या केंद्रावर गेली. निरंजनला विचारलं नाही. विचारलं असतं तर पुष्य नक्षत्रावरून आठवडाभर शेरे ऐकावे लागले असते.

दुसऱ्या डोसानंतर शाल्मली तीसपर्यंत पाढे घडाघडा म्हणू लागली. तिसऱ्यानंतर वर्तमानपत्रातला अग्रलेख एकदा वाचून जसाच्या तसा सांगू लागली.

"रक्त बोलतं शेवटी," हुपरीकर म्हणाले.

आता पाहुणे आले की ते तिला हाक मारून बोलावत. एकदा तर त्यांनी तिला मांडीवर घेतलं. सात वर्षांत पहिल्यांदाच. केतकी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत राहिली. इतकी सुखी ती कित्येक वर्षांत नव्हती.

पण शाल्मली दोन मिनिटांत मांडीवरून उतरली. "बाबा, तुमचा शर्ट टोचतो," म्हणाली. मग वेणी घालताना रडू लागली. गणवेशाची शिवण टोचते, चादर टोचते, पंख्याचा वारा लागतो. एप्रिलच्या शेवटी तर आईने गालावरून हात फिरवला आणि ती चटका बसल्यासारखी ओरडली.

"नखरे," हुपरीकर वर्तमानपत्रामागून म्हणाले. "हुशार मुलं असतात जरा विक्षिप्त. मीही होतो."

केतकीने केंद्रावर विचारलं. तिथल्या बाईने पाठ केल्यासारखं उत्तर दिलं, "वहिनी, बुद्धी वाढताना अंग हळवं होतंच. सहाव्या डोसाला सगळं बसतंय." सहावा डोस आजवर कुणालाही दिलेला नव्हता. न दिलेल्या डोसाचा गुण सांगायला जी अक्कल लागते ती मगदूमकडे भरपूर होती.

मेमधल्या पुष्याच्या दिवशी सकाळी मुजावर हुपरीकरांच्या खोलीत आल्या. एका हातात फाईल, दुसऱ्या हातात पिंजरा. पिंजऱ्यात अर्ध्या भागात कापसाची गादी आणि अर्ध्या भागात उघडा थंड पत्रा. पाचही उंदीर पत्र्यावर कोपऱ्यात बसले होते, एकमेकांपासून लांब लांब. मुजावरांनी रंगाच्या मऊ ब्रशने एकाच्या पाठीला नुसता स्पर्श केला. उंदीर चिरकून उडाला आणि पिंजऱ्यावर आपटला.

"हे काय?"

"सत्तावीस दिवसांचं वेळापत्रक, सर. उंदराचं आयुष्य छोटं, म्हणून त्या प्रमाणात दिवस कमी केले. जानेवारीपासून जेवणाच्या सुट्टीत करत होते."

"कुणाच्या परवानगीने?"

"कुणाच्याच नाही. तुम्ही दिली नसती."

हुपरीकरांनी फाईल उघडली. पुढची दहा मिनिटं ते पानं उलटत होते. उंदीर असे का झाले ते कळायला त्यांना पहिलं पानच पुरलं. जो निरोप मेंदूतल्या पेशींना फांद्या फोडायला सांगतो, तोच कातडीतल्या वेदना नेणाऱ्या तंतूंनाही सांगतो, आणि मध्ये उभ्या असलेल्या जोडप्रथिनाला मेंदू कुठला आणि कातडी कुठली हे कळत नाही. कातडीत वेदनेच्या तंतूंचं रान माजलं होतं. खरं सांगायचं तर त्या दहा मिनिटांत त्यांच्या मनात उंदीर आले नाहीत की मुलंही आली नाहीत. डबा खाता खाता एका तंत्रज्ञ बाईने हा प्रयोग केला आणि तो निर्दोष होता, एवढंच त्यांना सलत होतं.

"चार डोसांवर थांबवलं तर फुटवे गळतात, सर," मुजावर म्हणाल्या. "हळूहळू उंदीर परत कापसात झोपायला लागतात. पाचवा दिला की नाही. पाचव्यानंतर ते फुटवे पाठीच्या कण्यात जाऊन पक्के होतात. मग औषध बंद करा नाहीतर काहीही करा, आयुष्यभर तसेच. आज मुलांचा पाचवा आहे."

"मगदूमला पत्र लिहितो."

"पत्र?" मुजावर त्यांच्याकडे बघतच राहिल्या. "सर, शाल्मलीचं काय?"

"तिचं काय?"

"वहिनी चारही वेळा होत्या रांगेत. माझी बहीण तिच्या पोराला नेते ना. नक्षत्राचं आम्हाला काय, पण हुशार व्हायला कुणाला नको असतं? मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे. आज बहिणीला मी थांबवलं. वहिनींचा नंबर नाही माझ्याकडे."

शर्ट टोचतो. पंख्याचा वारा लागतो. हुपरीकर उभे राहिले आणि पुन्हा बसले.

केतकीला त्यांनी सहा वेळा फोन लावला. तिने उचलला नाही. दिवसा नवऱ्याचा फोन येतो तो घरातली काहीतरी चूक सांगायला, हे तिला अनुभवाने ठाऊक होतं.

"मी येते सर," मुजावर पर्स उचलत म्हणाल्या. "तिथल्या बायकांना मी सांगते. पिंजरा दाखवला की कुणालाही कळेल."

"तुमचं तिथे काय काम? औषध मी बनवलंय. मी सांगितल्यावर ऐकतील."

"फाईल तरी न्या."

"मला फाईल लागत नाही," हुपरीकर म्हणाले, आणि धावत खाली गेले.

केंद्र सांगलीच्या एका मंगल कार्यालयात भरत असे. दारात चपलांचा ढीग, स्टेजवर टेबलं, कर्ण्यावरून नावांचा पुकारा, एका कोपऱ्यात पेढ्याची परात. मेचा उकाडा असा की भिंतींना घाम सुटावा, पण एकही पंखा चालू नव्हता. आत शिरल्यावर हुपरीकरांना आधी काय खटकतंय तेच कळेना. मग दिसलं. शे-दीडशे आया आणि तितकीच मुलं रांगेत होती, आणि कुणी कुणाचा हात धरला नव्हता. मुलं विरलेल्या मलमलीच्या झबल्यांत, आयांपासून हातभर अंतर राखून उभी होती. एक चिमुरडा उभ्या उभ्या पेंगत होता. त्याची आई नुसती बाजूला वाकून उभी होती, पडलाच तर झेलायला.

केतकी आणि शाल्मली टेबलापासून तिसऱ्या होत्या. हुपरीकर रांग तोडून पुढे निघाले.

"ओ भाऊ, लायनीत या की!"

"मी हे औषध बनवलंय."

"मग आधी टोकन घ्या," ती बाई म्हणाली, आणि दोघीतिघी हसल्या.

"केतकी, घरी चल. आत्ता," ते पोचत म्हणाले. "डोस द्यायचा नाही."

केतकी दचकली. पकडली गेल्याचं क्षणभर तिच्या चेहऱ्यावर उमटलं, मग तिने मान ताठ केली. "का?"

"मी सांगतोय म्हणून."

"कारण सांग."

"तुला कळेल असं सांगत बसायला आत्ता वेळ नाही. नक्षत्र बघून पोरांना औषध पाजणाऱ्या या अडाणी बायकांच्या रांगेत माझी मुलगी उभी करताना तुला लाज वाटली नाही?"

रांगेतली कुजबुज थांबली. मागची एक जण पुढे आली. "अडाणी तर अडाणी. आमची पोरगी तीसपतोर पाढं म्हणत्या. तुमच्या शिकलेल्यांच्या घरात जमलं नव्हतं वाटतं?"

हुपरीकरांनी शाल्मलीचं मनगट पकडलं आणि ओढलं. शाल्मलीने अशी किंकाळी फोडली की कर्णासुद्धा गप्प झाला. बायकांनी त्यांना दोन्ही बाजूंनी ढकलून मागे लोटलं. शाल्मली मनगट हवेत धरून हुंदके देत होती. फुंकर घालायला केतकी वाकली आणि थांबली, कारण फुंकरही झोंबायची.

"चार महिने रोज बघतोयस तिला, आणि तू नखरे म्हणालास," केतकी म्हणाली. "आता तू आलास, आणि पहिलं काय केलंस तर तिला दुखवलंस."

"मूर्खासारखं बोलू नकोस! हिला हुशार करायला कुणी सांगितलं होतं तुला? ढ होती तेच बरं होतं!"

शाल्मली रडायची थांबली आणि तिने खाली बघितलं. हे वाक्य तोंडातून निघालं त्याच क्षणी हुपरीकरांना ते परत हवं होतं.

तोवर गलका ऐकून मगदूम आला. त्याने खिशातून फोन काढला आणि तो केतकीसमोर धरला. "वहिनी, काय घाबरायचं कारण न्हाई. हे बघा, वेळापत्रक. खाली डॉक्टरसाहेबांचीच सही हाय. हरकत न्हाई म्हणून त्यांनीच लिवून दिलंय."

केतकीने ते वाचलं. तिने तारीख बघितली, सही बघितली. मग फोन परत दिला आणि नवऱ्याकडे वळली. ती ओरडली नाही.

"निरंजन, मला तुझं शास्त्र कळत नाही. एवढंच सांग. ही सही करताना तू चुकलास का? चुकलो म्हण. आत्ता हिला घेऊन बाहेर पडते. एक प्रश्न विचारणार नाही."

रांग ऐकत होती. मगदूम ऐकत होता. टेबलामागची बाई ड्रॉपर हातात धरून थांबली होती, ती ऐकत होती. ज्या बायकांना आत्ताच अडाणी म्हटलं, त्या सगळ्या त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या. हुपरीकरांनी भिंतीकडे बघितलं.

"प्रश्न चुकण्याचा नाही," ते घसा साफ करून म्हणाले. "प्रश्न ग्राहक प्रथिनापासून पुढच्या संदेशसाखळीच्या कालावधीचा आहे. जोडप्रथिनाचा ऱ्हासकाळ आणि मात्रांमधलं अंतर यांचं गुणोत्तर एका मर्यादेखाली गेलं, तर परिघीय तंतूंच्या बाबतीत..."

ते बोलत होते ते अक्षरन् अक्षर बरोबर होतं. सभागृहात त्यातलं एकही अक्षर कुणाला कळत नव्हतं.

"म्हणजे नाही चुकलास," केतकी म्हणाली. "तू चुकत नाहीसच. सही तुझी आहे, म्हणजे ती बरोबरच असणार."

पुढच्या दोघींनी वाट करून दिली. शाल्मली टेबलापाशी गेली आणि शहाण्या मुलीसारखा तिने आपणहून 'आ' केला. केतकीने मागे वळून एकदा बघितलं. अजूनही थांबवशील तर थांबव, असंच ते बघणं होतं. हुपरीकर वाक्य पूर्ण करत होते.

"चुकलो," ते एकदम म्हणाले. मग मोठ्याने, "केतकी! मी चुकलो! ती आयुष्यभर अशीच राहील. तुला तिला कधी जवळ घेता येणार नाही!"

हे मात्र सगळ्यांना कळलं. शाल्मलीने तोवर थेंब गिळले होते आणि पेढ्यासाठी हात पुढे केला होता. केतकीने पोरीला छातीशी धरायला दोन्ही हात पसरले, आणि शाल्मली हल्लीच्या सवयीने दोन पावलं मागे सरकली.